निळ्या पाणघोड्याचे पाय

चीफना काहीही काम सांगितलं की ते आधी तुमचंच वाक्य तुम्हाला परत ऐकवत. "काका, पंखा बंद करता का?" असं म्हटलं की "पंखा बंद करतो," असं मोठ्यानं म्हणून मगच उठत. सुरुवातीला मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. मग वाटलं, ऐकू कमी येतं. दोन्ही थोडं थोडं खरं होतं, पण मूळ कारण जहाजाचं होतं. जहाजावर वरून, कप्तानाच्या ब्रिजवरून, खाली इंजिनरूममध्ये हुकूम येतो, आणि खालच्या माणसानं तो परत म्हणून दाखवायचा असतो. नुसतं 'हो' चालत नाही. इंजिनाच्या त्या आवाजात कोणी काय ऐकलं याचा भरवसा नसतो. परत म्हटला म्हणजे पोचला, आणि पोचला म्हणजे पाळायचा. उभं आयुष्य असं काढलेला माणूस घरी आला म्हणून बदलत नाही. शालनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या, "लग्नात मी यांना हळूच म्हटलं, जरा सरका. तर भर मांडवात हे ओरडले, जरा सरकतो!"

नाव दिगंबर पारकर. गाव देवगडच्या बाजूचं. पण इकडे, या परदेशी बेटावर, सेम्बावांगच्या त्या ब्लॉकमध्ये खालच्या कॉफीवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या मलाय आजींपर्यंत सगळे त्यांना चीफच म्हणत. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, मग काही वर्षं इथल्याच एका यार्डात जहाजं दुरुस्त केली, आणि मग तेही संपल्यावर घर दुरुस्त करायला घेतलं. ते काम शेवटपर्यंत चालू होतं.

मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहिले ती तीनेक वर्षं. युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक होते. ज्यांना पोस्टडॉक म्हणजे काय हे माहीत नाही त्यांना एवढंच सांगते, की शिक्षण संपलेलं असतं, नोकरी लागलेली नसते, आणि हिला अजून एक वर्ष ठेवायची का यावर दर वर्षी कोणीतरी विचार करत असतं. माझा विषय भट्टीत भाजलेल्या वस्तूंना तडे कसे जातात हा. दिवसभर तडे बघायचे आणि मग बेटाच्या त्या टोकावरून या टोकाला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, उभ्यानं यायचं. दार उघडलं की समोर चीफ, बनियन आणि अर्धी चड्डी, हातात पान्हा नाहीतर स्क्रूड्रायव्हर. "आलीस, डॉक्टर? आज काय फोडलंस?" औषध न देणारी डॉक्टर हा त्यांचा न संपणारा विनोद होता. दमून आलेल्या माणसाला रोज तोच विनोद ऐकायचा कंटाळा येतो. मलाही यायचा. आता येत नाही, कारण तो करणारं कोणी नाही.

पहिल्या दिवशी खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला जनावरं दाखवली. मुख्य दारावर आतल्या बाजूनं फणा काढलेला नाग. फ्रिजवर कानात बाळी घातलेलं मांजर. वॉशिंग मशीनवर मगर. गॅसच्या वर सिंहीण. त्यांच्या बेडरूमच्या चौकटीला हिरवा बेडूक. हॉलच्या खिडकीत ससाणा, तो डासांसाठी आहे असं काकू म्हणायच्या आणि चीफ तेवढ्यापुरते रागवायचे. काही हातभर, बरीचशी बोटाच्या पेराएवढी, दोऱ्यात ओवलेली. आणि टीव्हीच्या शेजारी, गणपतीच्या बाजूला, दाराकडे तोंड करून एक निळाशार पाणघोडा. अंगावर काळ्या रेघांनी कमळं काढलेली.

"ही सगळी इजिप्तची राखणदार मंडळी," चीफ म्हणाले. "पाच हजार वर्षांची ड्युटी झाली, अजून रिलीव्हर आलेला नाही."

ते मला समजावून सांगत होते आणि माझ्या हातातली सुटकेस खाली ठेवायलाही कोणी सांगत नव्हतं. इजिप्तची माणसं म्हणे ही जनावरं दोऱ्यात बांधून अंगावर घालायची. राजा घालायचा तशी कुंभारीणही घालायची. बाळाच्या मनगटाला, बाळंतिणीच्या कमरेला. माणूस मेला की त्याला गुंडाळलेल्या कापडाच्या घड्यांमध्येही ठेवायची, कोणतं गळ्याशी, कोणतं छातीवर, ते ठरलेलं. आणि गंमत अशी की त्यातली निम्मी जनावरं जीव घेणारी. नाग, मगर, सिंह, विंचू.

"मग राखण कसली करणार?" मी विचारलं. मला खरं तर भाडं ठरवून झोपायचं होतं.

"आमच्या वाडीत राखणदार आहे, नाग," ते म्हणाले. "दिसला तर मारायचा नाही. हात जोडायचे आणि वाट द्यायची. हे तेच. ज्याची भीती वाटते त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं. तो आपल्या बाजूनं झाला की मग बाकी कोणाची माय व्यालीय?"

"अहो, तिला बसू दे आधी," आतून काकूंचा आवाज आला.

"तिला बसू देतो," चीफ म्हणाले आणि मला खुर्ची दिली.

त्यातलं एकही जनावर जुनं नव्हतं. ते स्वतःच आधी सांगून टाकत. सगळा माल सुएझचा. जहाज कालव्यातून जाताना तिथली दोर बांधणारी माणसं आपली छोटी होडी घेऊन जहाजावर चढतात. काम थोडं, वेळ फार. मग ती डेकवर चादर पसरून दुकान मांडतात. चीफ जितक्या वेळा सुएझमधून गेले तितक्या वेळा त्या चादरीसमोर उकिडवे बसले. मी एकदा म्हटलं, काका, हे सगळं टुरिस्ट लोकांसाठी साच्यात काढलेलं आहे. मला त्या झिलईवरून कळतं, माझं कामच ते. तर म्हणाले, "खरं असतं तर मी तुरुंगात असतो. आणि पेणचा गणपतीही साच्यातूनच निघतो. त्याला कोणी विचारतं का, बाबा, तू ओरिजिनल का?"

 

प्रत्येक भाडेकरूला एक जनावर मिळायचं. मला त्यांनी शेणकिडा दिला. हिरवट, पोटाला भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेला. मी जरा नाराज झाले. "अगं, हा सूर्याचा किडा," ते म्हणाले. "दिवसभर शेणाचा गोळा ढकलत न्यायचा, आणि उद्या पुन्हा नवा गोळा. रिसर्च म्हणजे दुसरं काय असतं?" काकू पोट धरून हसल्या. मी तो किडा लॅबच्या ओळखपत्राच्या दोरीला बांधला. त्या वर्षी माझं कंत्राट वाढलं. किड्यामुळे वाढलं असं मी म्हणत नाही. पण दोरीवरून मी तो काढलाही नाही.

त्यांच्या मुलीची, केतकीची, गोष्ट काकू नेहमी सांगायच्या. केतकी आता मेलबर्नला असते. ती शाळेत असताना पोहायला शिकायला जायची. इजिप्तची माणसं म्हणे मुलं बुडू नयेत म्हणून त्यांच्या वेणीत छोटा मासा अडकवायची. झालं. चीफ सुट्टीवर घरी आलेले होते. त्यांनी तिच्या वेणीत मासा बांधला. पोहायला शिकवणारी बाई म्हणाली, दागिने चालणार नाहीत. केतकी रडत घरी आली. "पपा, एव्हरीबडी लाफ अ‍ॅट मी, लाह! आय डोन्ट वॉन्ट द स्टुपिड फिश!" दुसरा बाप चिडला असता, नाहीतर ऐकून सोडून दिलं असतं. चीफनी रात्रीतून तिच्या पोहण्याच्या ड्रेसच्या अस्तरात मासा शिवून टाकला. बाहेरून काही दिसायचं नाही. केतकीला ते कळलं तेव्हा ती आईच्या उंचीची झाली होती. "जहाजावर राहून मुलीला वाढवायचं म्हणजे काय करणार?" चीफ म्हणायचे. "मी समुद्रावर, ती पाण्यात. मधे कोणीतरी पाहिजे ना?" हे बोलताना ते हसायचे नाहीत.

मला वाटतं त्या माणसाचं सगळं त्यात आलं. आपण जिथं नसू तिथं आपल्या वतीनं काहीतरी नेमून ठेवायचं. आणि जे मोडेल ते जोडायचं. मोडलेली वस्तू समोर असली की त्यांच्या जिवाला स्वस्थता नसे. माझ्या सुटकेसचं चाक, शेजारच्या मलाय आजींचं शिवणयंत्र, लिफ्टजवळची कोणीतरी टाकून दिलेली खुर्ची. मोडलेलं टाकून द्यावं हे त्यांना पटतच नसे. माणूस दमतो, त्यांना दमलेलं मी बघायचे, दुपारी खुर्चीत मान पडायची. पण उठले की पुन्हा हातात पान्हा.

तो निळा पाणघोडा म्हणजे त्यांच्या दुरुस्तीचा मानाचा नमुना. सुएझच्या चादरीवर तो एका बाजूला लवंडलेला पडला होता. तीन पाय गुडघ्यापासून गायब. दुकानदारानं तो बाकीच्या मालावर फुकट देऊन टाकला. चीफनी पुढचा सगळा प्रवास त्याला पाय करण्यात घालवला. दोन डब्यांमधला लगदा एकत्र मळला की दगडासारखा घट्ट होतो तो, गळके पाइप बुजवायचा, त्याचे तीन पाय घडवले, घासले, निळा रंग मिसळून मिसळून दिला. रंग एक छटा गडद पडला होता, पण तो सांगितल्याशिवाय कळत नसे. आणि ते सांगितल्याशिवाय राहत नसत. "हात लावून बघ. कुठं जोड लागतो का?" येणाऱ्या प्रत्येकानं त्या पायांवरून बोट फिरवलेलं आहे.

मग काकूंचा आजार परत आला. आधी एकदा येऊन गेला होता, मी राहायला येण्यापूर्वी. तेव्हा औषधांचा पूर्ण मारा सोसून त्या बऱ्या झाल्या होत्या. आता हाडांत निघाला. सेम्बावांगहून नोव्हेनाचं हॉस्पिटल सरळ त्याच लायनीवर, गाडी बदलायची नाही, हे तेवढं बरं होतं. चीफ खुर्ची ढकलत न्यायचे आणि ढकलत आणायचे. त्या चाकांच्या खुर्चीचं त्यांनी काय काय केलं! हाताखाली मऊ गाद्या, मागे पाण्याच्या बाटलीला कडी, ब्रेक स्वतः घडवलेला. गोळ्यांसाठी भिंतीवर फळी, तिला वेळेनुसार दिवे. आणि खुर्चीच्या दांड्याला दोऱ्यात बांधलेली सगळी पलटण, बेडूक, मांजर, विंचू. नोव्हेनाच्या नर्स त्यांना ओळखायच्या. "अंकल, टुडे गॉट न्यू अ‍ॅनिमल?" असं विचारायच्या.

काकू थकत गेल्या. ते मला रोज दिसायचं. औषध दिल्यावर चार दिवस अन्न पोटात ठरत नसे, मग जरा उठून बसेपर्यंत पुढची तारीख. डॉक्टरांनी एका भेटीत स्पष्ट सांगितलं की अजून एक वेगळं औषध देता येईल, थोडा काळ मिळेल, किंवा नाहीही मिळणार, आणि त्रास मात्र होईल. ठरवा, म्हणाले. चीफनी तिथल्या तिथं ठरवलं. द्यायचं. पुढची तारीख घेतली. काकूंना कोणी विचारलंच नाही असं नाही, विचारलं, पण चीफनी आधी उत्तर दिलं होतं.

त्याच सुमाराला इथल्या एका म्युझियममध्ये इजिप्तच्या वस्तूंचं प्रदर्शन बाहेरून आलं होतं. जाऊ या, असं काकूच म्हणाल्या. मीही बरोबर गेले. आत अंधार, गारठा, आणि काचेमागे खरी जनावरं. चीफ काचेला नाक लावून पुढे पुढे जात होते, लहान मुलासारखे. आणि मग एका पेटीत निळा पाणघोडा. आपल्या घरचाच वाटावा असा. कमळं तीच. चीफ हरखले. काकू खुर्चीत असल्यामुळे खालची पाटी बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होती. चीफ वस्तू बघत होते, काकूंनी पाटी वाचली. आणि मग मोठ्यानं, मराठीत, सांगितली.

पाटीवर लिहिलं होतं की नाईलकाठच्या लोकांना पाणघोड्याची फार भीती. तो होड्या उलथवायचा. म्हणून थडग्यात मेलेल्या माणसाबरोबर ठेवताना त्याचे पाय मुद्दाम मोडून ठेवत, म्हणजे तो मेलेल्याच्या वाटेत आडवा येणार नाही, जाणाऱ्याला सुखानं जाऊ देईल. आत्ता दिसतात ते पाय पुढच्या काळात जोडलेले आहेत.

 चीफची सगळी माहिती घरातल्या एका अर्ध्या फाटलेल्या जुन्या पुस्तकातली, आणि त्यात हे पान नव्हतं. तीन पाय मुद्दाम मोडलेले असतात, आणि त्यांनी ते किती मायेनं जोडले होते. मला हसू आलं, आणि मग काकूंचा चेहरा बघून हसू गेलं.

"बघ की," शेवटी चीफ म्हणाले. "यांनीही जोडलेतच ना? म्युझियमवाल्यांनी? मग मी काय वेगळं केलं?"

"त्यांच्या घरातलं कोणी जायला निघालेलं नाही," काकू म्हणाल्या.

एवढंच. चिडून नाही, रडून नाही. चहात साखर जास्त झाली सांगावं तशा आवाजात. मी खुर्चीच्या मागे उभी होते. चीफचा हात दांड्यावर होता, तिथं बेडूक लोंबत होता, तो त्यांनी उगीचच सरळ केला.

परत येताना एमआरटीत गर्दी नव्हती. काकूंनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपल्या. तर तशाच म्हणाल्या, "चीफ, फिनिश्ड विथ इंजिन."

याचा अर्थ मला तोवर माहीत झाला होता. जहाज धक्क्याला लागलं, दोर बांधून झाले, की ब्रिजवरून खाली हा शेवटचा हुकूम येतो. इंजिनाचं काम संपलं, बंद करा. त्यावर चीफ इंजिनियर वाद घालत नाही. परत म्हणतो आणि बंद करतो.

चीफ दारावरच्या स्टेशनांच्या नकाशाकडे बघत राहिले. परत म्हटलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्या घरात राहणं फार जड होतं. वरवर सगळं तसंच. "अहो, पडदा ओढा." "पडदा ओढतो." "पाणी कोमट हवं." "पाणी कोमट आणतो." आणि मधेच, तशाच आवाजात, काकू तेवढं एक म्हणायच्या. त्यावर चीफ कधी उठून स्वयंपाकघरात जात, कधी केतकीला फोन लावत, कधी काहीतरी दुरुस्त करायला घेत. घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा चालू असलेला मिक्सर उघडून बसले. केतकी फोनवर रडायची आणि म्हणायची, "ममा विल डिसाइड, पपा. प्लीज." फोन ठेवला की पुन्हा मिक्सर.

मला चीफचा राग आला. खरंच आला. इतकी वर्षं बायकोचं पडदा-पाणी परत म्हणून पाळणारा माणूस, आणि तिनं स्वतःसाठी एक गोष्ट मागितली तर बहिरा होतो? मी हे काकूंजवळ बोलून दाखवलं. त्या मला म्हणाल्या, "बहिरे नाहीत गं ते. पहिल्याच वेळी ऐकू आलंय. परत म्हटलं तर पाळावं लागेल, म्हणून म्हणत नाहीत."

औषधाची तारीख सोमवारची होती. शनिवारी सकाळी मी उठले ती ठोकण्याच्या आवाजानं. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पाणघोडा, आणि चीफ मांडी घालून हातोडी मारतायत. बेताबेतानं. पायाला काही होत नव्हतं. पाठीवरच्या कमळाचा मात्र एक टवका उडाला होता. काकू खुर्चीत बसून बघत होत्या.

"हळू," त्या म्हणाल्या. "लागेल त्याला."

चीफनी हातोडी खाली ठेवली. त्यांना घाम सुटला होता. "माझंच काम," ते म्हणाले. "तुटणार कसं?" मग माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर, तुझा विषय आहे. सांग, कुठून जाईल?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा खरोखरच्या डॉक्टरसारखं विचारलं. मी खाली बसून बघितलं. "काका, तुमचा जोड अंगापेक्षा मजबूत आहे," मी सांगितलं. "ठोकत राहिलात तर पोट फुटेल, पाय तसेच राहतील. करवतीनं कापा."

"करवतीनं कापतो," चीफ म्हणाले.

लोखंड कापायची करवत आणली आणि कापायला बसले. निळी पूड वर्तमानपत्रावर पडत होती. पहिल्या पायाला फार वेळ लागला. मधे त्यांनी चष्मा काढून पुसला, घामामुळे असेल, डोळ्यांमुळे असेल, मी विचारलं नाही. खाली कोणाच्या तरी घरी मासे तळत होते. मी चहा केला, तो तसाच गार झाला. एकेक पाय सुटला की ते फडक्यानं पुसून स्टीलच्या वाटीत ठेवत. तिसरा सुटला तेव्हा पाणघोडा एका बाजूला कलंडला, सुएझच्या चादरीवर पडला होता तसाच.

त्यांनी तो उचलून काकूंच्या मांडीवर ठेवला. हात पुसले. उभे राहिले, एकदम ताठ, बनियनवर, आणि इंजिनरूममध्ये बोलतात तसे मोठ्यानं म्हणाले, "फिनिश्ड विथ इंजिन."

"थँक यू, चीफ," काकू म्हणाल्या. मग जरा वेळानं, "आता इकडे या. बसा जरा."

"बसतो," चीफ म्हणाले. आणि फरशीवर, काकूंच्या खुर्चीच्या पायाशी, डोकं टेकून बसले. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले.

काकू त्यानंतर थोडेच दिवस होत्या, पण त्या दिवसांत त्यांना उलट्या नव्हत्या. केतकी येऊन राहिली. घरीच, दुपारी, खिडकीतून ऊन आत येतं त्या वेळी गेल्या. अस्थी घेऊन आम्ही भाड्याच्या बोटीनं समुद्रात गेलो. सगळे पुढे होते. चीफ मागे, इंजिनाच्या झाकणाजवळ उभे. केतकीनं हाक मारली तेव्हा आले, हात जोडले, पाकळ्या सोडल्या. परत जाताना बोटवाल्याला म्हणाले, एक सिलिंडर नीट मारत नाहीये, बघून घे. बोटवाल्यानं नुसती मान डोलावली. त्याला काय माहीत!

पुढच्या वर्षी माझं कंत्राट वाढलं नाही. शेणकिड्यानं जितकं ढकलायचं तितकं ढकललं. दुसरीकडे काम मिळालं आणि मी बुकित पंजांगला राहायला गेले. काही महिन्यांनी एका रविवारी उरलेलं खोकं न्यायला चीफकडे गेले.

त्यांनी दार उघडलं. "आलीस?" म्हणाले. डॉक्टर म्हणाले नाहीत. घर स्वच्छ होतं. नाग, मांजर, मगर, सगळे आपापल्या जागी. काकूंच्या फोटोपाशी पाणघोडा कुशीवर पडलेला, वाटी शेजारी. "जोडू नका हं पुन्हा," मी उगीचच म्हटलं. "नाही," ते म्हणाले. हॉलच्या कोपऱ्यात टेबलफॅन होता, त्याचं पातं मोडलेलं. धुळीवरून दिसत होतं, तो बरेच दिवस तसाच आहे.

आम्ही बसलो. ते मधेच उठले. "गॅस बंद करतो," असं मोठ्यानं म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. गॅस चालू नव्हता. घरात आम्ही दोघंच होतो आणि मी काही बोलले नव्हते. ते गॅसपाशी थोडा वेळ उभे राहिले. मग "खिडकी लावतो" म्हणाले, आणि खिडकी लावली.  कोणी सांगेना म्हणून ते स्वतःच हुकूम देत होते असं नाही. ते फक्त काकूंचं परत म्हणत होते.

निघताना खोकं घेऊन मी लिफ्टपाशी आले. ते नेहमीप्रमाणे दारापर्यंत पोचवायला आलेले. ताटलीत सकाळची पोळी तशीच झाकलेली मी पाहिली होती. लिफ्ट आली. मी आत गेले आणि मला राहवेना. "काका, जेवून घ्या," मी म्हटलं.

ते नुसते बघत राहिले. लिफ्टचं दार लागायला आलं, मी ते पायानं अडवलं. दार वाजायला लागलं. वरून कोणीतरी बटण दाबत होतं.

"काका, जेवून घ्या."

"जेवून घेतो," चीफ म्हणाले.

मी पाय काढला.